चौकोनी भोकांचं कापड

शिंपी मास्टरनी कापड टेबलावर पसरलं, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला आणि विचारलं, "मॅडम, घरात उंदीर झालेत का?"

"नाही."

"मग घूस?"

"मास्टर, ती भोकं मी पाडली आहेत."

मास्टरनी कापड उचललं. त्यांनी एका भोकातून आपलं बोट वर काढलं आणि ते दुसऱ्या कोणाचं तरी बोट असल्यासारखे त्याच्याकडे बघत राहिले. भोक चौकोनी होतं. चारी बाजू सारख्या, कोपरे काटकोनात. अशी भोकं कापडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरक्या रेषेत, शाळेतल्या मुलांनी प्रार्थनेला उभं राहावं तशी शिस्तीत गेली होती.

"पाडली," मास्टर हळूच म्हणाले. "म्हणजे मुद्दाम."

"नमुने घ्यायचे होते. चाचणीसाठी."

"मग कडेचं घ्यायचं ना थोडं!"

"कडेचं कापड प्रातिनिधिक नसतं," ती म्हणाली. हे वाक्य तिने नोकरीत शेकडो वेळा उच्चारलं होतं. आज पहिल्यांदाच ते तिला तितकंसं शहाणपणाचं वाटलं नाही.

तिला ऑफिसात सगळे 'प्रभारी' म्हणत. जुने प्रमुख निवृत्त झाले तेव्हा प्रयोगशाळेचा कारभार तिच्याकडे तात्पुरता आला, आणि तात्पुरत्या गोष्टींची जी तब्येत असते तिला अनुसरून तो वर्षानुवर्षं टिकला. प्रमुखांच्या खोलीला कुलूप होतं, आत खुर्ची होती, खुर्चीवर प्लॅस्टिक होतं. प्रभारी मात्र दोर तोडायच्या यंत्राशेजारी आपल्या जुन्याच टेबलावर बसून प्रमुखांचं काम करत असे. या प्रयोगशाळेत रोजच्या वापरातल्या वस्तू तपासत: दोर, छत्र्या, बादल्या, दप्तरं. तपासत म्हणजे मोडत. छत्री किती वाऱ्यात उलटते हे कळायचं तर ती उलटवावीच लागते. वस्तू धड आत यायची, तुकड्यांत बाहेर जायची, आणि तुकड्यांसोबत प्रभारीच्या सहीने एक कागद जायचा, की वस्तू उत्तम होती.

अखेर प्रमुखाची जागा भरायची ठरली. उमेदवार दोनच. एक प्रभारी, आणि दुसरे प्रशासन शाखेतले एक गृहस्थ, ज्यांना सगळे टायवाले म्हणत, कारण उकाड्यात पंखा बंद पडला तरी त्यांच्या टायची गाठ सैल झालेली कोणी पाहिली नव्हती. टायवाल्यांचं एका बैठकीत असं म्हणणं पडलं होतं, की इतक्या वस्तू मोडण्यापेक्षा कंपनीने दिलेल्या हमीवरच विश्वास ठेवावा. वेळही वाचेल, जागाही. त्या दिवसापासून प्रभारीला मुलाखतीची धास्ती बसली होती. नुसती बढती हुकायचा प्रश्न नव्हता. ती हुकली तर दोर तोडायचं यंत्र भंगारात जाणार आणि लोक न तोडलेल्या दोरांना लटकणार, हे तिला उघड दिसत होतं.

शिवाय याच जागेची मागची मुलाखत होतीच. तेव्हा ती आत शिरली आणि निवड समितीतले एक सदस्य मान वर न करता म्हणाले, "पाणी तिकडे ठेवा." तिच्या हातात पाणी नव्हतं. प्रमाणपत्रांची फाईल होती. गडबडीत तिने ती तिकडे ठेवली. त्या वर्षी 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा निर्णय लागला.

"तुझं काय होतं माहितेय का," सासूबाई म्हणाल्या होत्या, "तू आत गेलीस की माणसांना वाटतं, अजून कोणीतरी यायचंय. या वेळी सूट शिव. चांगला करड्या रंगाचा. वर कोट, खाली पॅंट, दोन्ही एका कापडाचं. मग बघू कोण पाणी मागतं ते!"

सासूबाईंचं आणि तिचं एकमत क्वचित व्हायचं. झालं की कोणीच ते मोडायला धजत नसे.

कापडाच्या दुकानात तिने सगळा दिवस घालवला. दुकानदार एकेक तागा धप्पकन आपटून उलगडत होता आणि विशेषणं उधळत होता.

"हे बघा मॅडम, हे श्वास घेणारं कापड."

"म्हणजे यातून हवा जाते. किती जाते?"

"भरपूर!"

"भरपूर म्हणजे? किती वेळात, किती कापडातून?"

दुकानदाराने इतकी वर्षं धंदा केला होता, पण हवा मोजून मागणारं गिऱ्हाईक त्याला भेटलं नव्हतं. त्याने मुकाट्याने दुसरा तागा काढला. शेवटी एक करडं कापड तिच्या मनात भरलं. फार गडद नाही, फार फिकं नाही; कुठल्याही बैठकीत कुठलीच बाजू न घेणारा तो रंग होता. "ताग्यातलं शेवटचं आहे हं," दुकानदार म्हणाला, "सूट बरोब्बर होईल. वर फार काही राहणार नाही." हे वाक्य तिने ऐकलं. ऐकून बाजूला ठेवलं.

घरी आल्यावर वरच्या मजल्यावरचे बँकवाले काका कापड बघायला आले. हयातभर नोटा मोजलेल्या या माणसाने डोळे मिटून कापड अंगठा आणि बोटाच्या मध्ये सरकवलं आणि निकाल दिला, "खरं आहे. पण सूनबाई, करडा? करडा रंग निवृत्त होणाऱ्याला. मुलाखतीला निळा. माझा निळा होता."

"मग मिळाली का बढती?" सासूबाईंनी विचारलं.

"बढती दुसऱ्याला मिळाली. पण सूट अजून नवा आहे!"

काका गेले आणि शंका मागे राहिली. कापड खरं असेल, पण टिकेल का? ऐन मुलाखतीत चुरगळलं तर? घामाने रंग सुटला तर? प्रभारीला शंका आली की ती झोपत नसे, चाचणी करत असे. रविवारी सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर कापड पसरलं, पट्टी घेतली, खडू घेतला आणि नवऱ्याला पट्टीचं दुसरं टोक धरायला बोलावलं. नवरा शाळेत भूगोल शिकवत असे आणि घरात वाद टाळत असे, तरी त्याच्याही तोंडून निघालं, "अगं, पण मधलं कशाला कापतेस?"

"कड ताणाखाली विणलेली असते. तिच्यावरून बाकीच्या कापडाबद्दल काहीच सांगता येत नाही. धर नीट. हलवू नकोस."

त्याने धरली. हलवली नाही. पुढे या प्रकरणात जे जे झालं त्यात आपला वाटा इतकाच होता, असं तो नेहमी शपथेवर सांगत असे.

दिवसभर घराची प्रयोगशाळा झाली. एक तुकडा गरम पाण्यात उकळला, एक इस्त्रीखाली दाबला, एक मुठीत चुरगळून त्यावर विश्वकोशाचा खंड ठेवला, एकावर चहा सांडला, एक पांढऱ्या फडक्यावर घासला, एक बाल्कनीत उन्हाला बांधला. एक जाळला, आणि राखेचा वास सगळ्यांना घ्यायला लावला. "केसांसारखा येतोय की प्लॅस्टिकसारखा?" सासूबाई म्हणाल्या, "मला तर वाया गेल्याचा येतोय." पण कापड हरलं नाही. आटलं नाही, विटलं नाही, सुरकुतलं नाही. प्रभारी इतक्या समाधानाने झोपली, की सूट अजून शिवायचाय हेही विसरली.

आणि आता ते कापड मास्टरांच्या टेबलावर होतं, मुलाखत आठवड्यावर आली होती आणि मास्टरांचं बोट अजून भोकात होतं.

मास्टरांचं दुकान एका इमारतीच्या तळघरात होतं. खिडकी नाही, ओळीने ट्यूबलाइट, एक उंच आरसा आणि भिंतीवर मास्टरांनी स्वतःच्या कारागिरीला दिलेली अनेक प्रशस्तिपत्रं. मास्टर स्वतःला शिंपी म्हणवत नसत, सर्जन म्हणवत. बोट काढून त्यांनी खडू उचलला.

"कोट निघेल. कोट तुकड्यातुकड्यांचा असतो, भोकं चुकवून काढतो. दुसऱ्या कोणाला जमणार नाही, मी काढतो. पॅंट नाही निघणार. पॅंटचा पाय अख्खा लागतो मॅडम. तुमच्या कापडात अख्खं काय आहे?"

"मग दुसरंच कापड घेऊ सगळ्याला."

"घ्या! आज घ्या, उद्या त्याच्या चाचण्या करा, आणि मुलाखतीला चादर गुंडाळून जा." असं म्हणून त्यांनी कात्री चालवलीसुद्धा. कापडात पहिली लांब चीर गेली आणि मागे फिरायचा रस्ता बंद झाला. "याच कापडाची पॅंटपुरती लांबी आणा. लवकर आणा. नाहीतर मी जबाबदार नाही."

प्रभारी तशीच दुकानात गेली. दुकानदाराने तिला ओळखलं आणि एक पाऊल मागे सरकला. तो तागा संपला होता. मात्र शेड नंबर तोच असलेला दुसरा तागा गोदामात होता. पण गोदामातला तागा सीलबंद होता. सील फोडायचं तर वरच्या मजल्यावरच्या मॅनेजरची परवानगी लागत होती. मॅनेजर जेवायला गेले होते. जेवून आल्यावर ते म्हणाले, की सुटाच्या पूर्ण लांबीसाठी सील फोडता येतं, नुसत्या पॅंटसाठी नाही. पॅंटचं कापड हा वेगळा विभाग, तो खालच्या मजल्यावर. खालच्या मजल्यावरच्या माणसाने सांगितलं, की हा शेड नंबर सुटाचा, त्याला आपण हात लावू शकत नाही. ती परत वर गेली. जिने चढता-उतरताना तिला सारखं वाटत होतं, की तिकडे टायवाले मुलाखतीची उत्तरं पाठ करत असतील आणि आपण इथे एका पायजम्याएवढ्या कापडासाठी मजले मोजतो आहोत.

"साहेब," ती शेवटी म्हणाली, "मी पूर्ण सुटाचं कापड घेते. पॅंटपुरतं मला द्या, बाकीचं तुमच्याकडेच राहू द्या."

मॅनेजरनी बराच विचार केला. यात कुठला नियम मोडतो ते त्यांना सापडेना. सील फुटलं.

तिने पिशवीतून आपला राखून ठेवलेला तुकडा काढला. अभ्यासू माणूस एक तुकडा नेहमी न तपासता ठेवतो, तो हा. नव्या कापडावर ठेवला. ट्यूबलाइटच्या उजेडात तुकडा दिसेनासा झाला, इतका रंग जुळला.

"मी जरा दाराशी नेऊन दिवसाउजेडी बघते."

"बिल झाल्याशिवाय कापड दाराबाहेर जात नाही," रखवालदार म्हणाला.

"आणि बिल झाल्यावर कापलेलं कापड परत घेत नाही," दुकानदार म्हणाला.

"म्हणजे उजेडात बघायचं तर आधी विकत घ्यायचं, आणि विकत घेतल्यावर बघून उपयोग नाही?"

"शेड नंबर तोच आहे मॅडम," दोघं एका सुरात म्हणाले.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडं एका दिव्याखाली हुबेहूब सारखी दिसू शकतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळी, हे प्रभारीला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणजे काय, प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या प्रत्येकाला हे तीच शिकवत असे. दोन चिंध्या घ्यायची, ट्यूबखाली धरायची, मग खिडकीशी न्यायची. बघणारे "अरेच्चा!" म्हणायचे आणि ती म्हणायची, "म्हणून एका दिव्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही."

बिल झालं. बाहेर आली तेव्हा दिवस मावळून रस्त्यावरचे दिवे लागले होते. ती तशीच मास्टरांकडे गेली. दोन दिवसांनी मापाला बोलावलं तेव्हा मास्टर आरशासमोर तिला गोल फिरवून म्हणाले, "एकाच ताग्यातलं वाटतंय की नाही? सांगा! हवं तर वर रस्त्यावर जाऊन बघून या."

"नको," ती म्हणाली. "कच्चे टाके घातलेल्या अवतारात रस्त्यावर कुठे जाऊ! लोक बघतील."

मास्टरनी मान डोलावली. तिने आरशात स्वतःकडे बघितलं. कोट खांद्यांवर असा बसला होता, की पाणी मागायची कोणाची छाती झाली नसती. ती लगबगीने कपडे बदलून बाहेर पडली.

सूट तयार झाला तो थेट मुलाखतीच्या सकाळी. तोही 'शेवटचं बटण राहिलंय' म्हणून मास्टरांनी तिला स्टुलावर बसवून ठेवलं. तळघरातच तिने तो अंगावर चढवला, नेहमीचे कपडे पिशवीत घालून मास्टरांकडेच ठेवले आणि धावत वर आली. नवरा स्कूटर चालू ठेवून उभा होता. छान ऊन पडलं होतं. त्याने तिच्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

"कसा दिसतोय?"

"बस. उशीर होतोय."

सिग्नलला स्कूटर थांबली. तो आरशातून मागे बघत होता.

"काय झालंय? बोल."

"काही नाही गं."

"बोल म्हणते ना!"

"तुझा कोट करडा आहे."

"हो."

"आणि पॅंट..."

"करडी."

"आत्ता नाहीये," नवरा दिलगिरीने म्हणाला.

तिने खाली बघितलं. कोट करडा होता. पॅंट तळ्याच्या काठावरच्या दगडासारखी हिरवट होती. दोन्हींच्या मध्ये, कमरेशी, सरहद्द आखल्यासारखी रेघ होती. सिग्नल सुटला. मागचे भोंगे वाजवायला लागले. परत मास्टरांकडे जायला वेळ नव्हता.

"वर खाली वेगळं घालतात हल्ली," नवरा वाऱ्यात ओरडला.

"वेगळं घालतात ते वेगळं दिसतं!" ती ओरडली. "हे चुकलेलं दिसतंय!"

मुख्य कार्यालयाच्या लांब व्हरांड्यात एका बाजूला खिडक्या होत्या, दुसऱ्या बाजूला ट्यूब लावलेला अंधारा कोपरा. प्रभारी भिंतीला चिकटून, खेकड्यासारखी चालत त्या कोपऱ्यात गेली. ट्यूबखाली पोचताच सूट पुन्हा एकजीव झाला. टायवाले खिडकीशी बाकावर बसले होते. त्यांचा सूट सगळ्या उजेडात एकच होता.

"या, या मॅडम! तिकडे कोपऱ्यात काय बसताय? इकडे या उजेडात!"

"नको. डोळे दुखतायत."

"अरे बापरे. अशा दिवशी! काळजी घ्या हं," टायवाले म्हणाले आणि त्यांचा चेहरा चिंतेने उजळला.

तिचा पुकारा आधी झाला. खोलीत पाऊल टाकताच तिचा जीव भांड्यात पडला. जाड पडदे ओढलेले, छताला ट्यूब. टेबलापलीकडे तिघं: मध्ये अध्यक्षबाई, पडदा लावलेल्या खिडकीकडे पाठ करून, एका बाजूला हिशेबखात्याचे एक सदस्य, पडद्याच्या दोरीशेजारी, दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेले तज्ज्ञ. कोणी पाणी मागितलं नाही. "बसा," अध्यक्षबाई आदराने म्हणाल्या. सुटाने आपलं काम केलं होतं.

"फार कोंदट वाटतंय इथे," हिशेबवाले म्हणाले. "पडदा सारू का?"

"नको!" प्रभारी म्हणाली. जरा जोरातच. तिघांनीही तिच्याकडे बघितलं. "म्हणजे, ऊन थेट मॅडमच्या डोळ्यांवर येईल."

"खिडकी माझ्या पाठीशी आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"तर पाठीवर येईल."

हिशेबवाल्यांनी दोरी सोडली. पण त्यांच्या हाताला ती आवडली असावी, कारण ते ती बोटाभोवती गुंडाळत बसले. तज्ज्ञांनी प्रश्न सुरू केले. ओला दोर आणि कोरडा दोर यांच्या चाचणीत फरक काय? छत्रीच्या काड्यांचा गंज कसा मोजता? हे तिला झोपेत विचारलं असतं तरी आलं असतं. पण झोपेत समोर दोरी नसते. बोटाभोवती एक वेढा बसला की तिचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं; वेढा सुटला की ते पुढे सरकायचं. तज्ज्ञ कपाळाला आठ्या घालून ऐकत होते.

"बरं," ते म्हणाले, "तुम्ही प्रमुख झालात, तर पहिला बदल कोणता कराल?"

हा तो प्रश्न होता. याचं उत्तर ती कित्येक वर्षं घडवत आली होती. नवऱ्याला सांगितलं होतं, स्वयंपाकघराच्या भिंतीला सांगितलं होतं, दोर तोडायच्या यंत्राला सांगितलं होतं. तिने श्वास घेतला. त्याच क्षणी हिशेबवाल्यांनी सहज दोरी ओढून बघितली. पडदा बोटभर सरकला, उन्हाची एक पट्टी जमिनीवर पडली आणि टेबलाखालून थेट तिच्या बुटापर्यंत आली. तिने पाय आत ओढून घेतला.

"काही नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे... आहे तसं ठीक चाललंय."

तज्ज्ञांनी "हं" केलं. अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे नजर टाकली. आणि प्रभारीला आपलं उत्तर कानात परत ऐकू आलं. हे उत्तर तिचं नव्हतंच. हे टायवाल्यांना शोभलं असतं: काही तपासू नका, ठीकच आहे. ती एक पॅंट वाचवत होती, आणि तिच्या मागे प्रयोगशाळा चालली होती.

ती उठली. टेबलाला वळसा घालून खिडकीशी गेली, हिशेबवाल्यांच्या बोटातून दोरी सोडवून घेतली आणि पडदा टोकापर्यंत ओढला. मग उन्हात, समितीसमोर, ताठ उभी राहिली.

तिघांच्याही नजरा कोटावरून पॅंटीवर उतरल्या.

"तुमचा सूट," तज्ज्ञ म्हणाले, "मघाशी..."

"एकाच रंगाचा होता. ट्यूबखाली आहे. इथे नाही." तिने दोन पावलं ट्यूबखाली टाकली, दोन पावलं परत खिडकीशी. हिशेबवाले खुर्चीतून अर्धे उठून बघत होते. "दोन ताग्यांतलं कापड आहे. शेड नंबर एक, रंगद्रव्यं वेगळी."

"एकाच ताग्यातलं का नाही घेतलंत?"

"घेतलं होतं. शिवण्याआधी तपासलं. आटतं का, विटतं का, चुरगळतं का, जळल्यावर वास कसला येतो."

"आणि?"

"कापड सगळ्या चाचण्यांत उत्तीर्ण झालं. फक्त शिल्लक राहिलं नाही."

हिशेबवाल्यांना ठसका लागला. तज्ज्ञ टेबलाकडे बघत राहिले, पण त्यांचे खांदे हलत होते. अध्यक्षबाई हसल्या नाहीत.

"दुसरं कापड घेताना उजेडात का नाही बघितलंत?"

"बिल झाल्याशिवाय दाराबाहेर नेऊ देत नव्हते."

"आणि बिल झाल्यावर?"

या प्रश्नाला सोयीची बरीच उत्तरं होती. दिवस मावळला होता. मास्टर घाई करत होते. टाके कच्चे होते.

"बिल झाल्यावर मला बघायचं नव्हतं," प्रभारी म्हणाली.

"प्रयोगशाळेत असं कधी झालंय?"

"नाही. तिथे वस्तू माझी नसते." ती थांबली. "पण कंपन्यांची असते. त्यांचंही असंच होतं. ज्या चाचणीत माल नापास होईल अशी भीती असते ती त्या शेवटी करायला लावतात, आणि तोवर माल बाजारात गेलेला असतो. मघाशी तुम्ही पहिला बदल विचारलात. ज्या चाचणीची भीती वाटते ती आधी. छत्री आधी वाऱ्यात धरायची. दांड्याचा रंग मग बघू."

त्यानंतर ती बोलतच राहिली. उभ्याने, उन्हात, हिरवट पॅंटीत. तज्ज्ञ मध्येच तोडून आडवे प्रश्न विचारत होते आणि ती त्यांना तोडून उत्तरं देत होती. बाहेरून टायवाल्यांनी दार किलकिलं करून दोनदा आत डोकावलं.

मुलाखत संपली. ती व्हरांड्यातल्या खिडकीशी, टायवाल्यांनी रिकाम्या केलेल्या बाकावर जाऊन बसली. टायवाले आत गेले. आतून मधून मधून सौम्य हसण्याचे आवाज येत होते. आपल्या वेळी असं कोणी हसलं नव्हतं, हे तिने मनात नोंदवलं. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले, गाठ जागच्या जागी, आणि "फारच छान माणसं आहेत हो!" म्हणून निघून गेले.

मग दार परत उघडलं आणि अध्यक्षबाई एकट्याच बाहेर आल्या. प्रभारी धडपडत उठली. अध्यक्षबाईंनी व्हरांड्यात दोन्ही टोकांना बघितलं आणि आवाज खाली आणला.

"जरा उजेडात या. माझा हा कोट बघा. खरं सांगा."

कोट गडद निळा, उंची होता. एका वाक्यावर आपली जागा टांगलेली आहे हे तिला कळत होतं, आणि ते वाक्य काय असायला हवं हेही कळत होतं. पण तिची नजर आधीच कामाला लागली होती.

"डाव्या खांद्याचा रंग उतरलाय," ती म्हणाली. "पाठीपर्यंत. उजव्यापेक्षा बराच फिका आहे. तुमच्या ऑफिसात खिडकी डाव्या हाताला असणार."

"आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवून खांदा बघायचा प्रयत्न केला. तो काही दिसेना. "रोज इतकी माणसं येतात माझ्याकडे. वर्षानुवर्षं येतात. एकाने सांगितलं नाही. आणि आत्ता ते टायवाले गृहस्थ म्हणाले, हा कोट तुम्हाला काय शोभतो मॅडम!"

प्रभारीने नजर खांद्यावरून काढून घेतली.

"आदेश निघेल तेव्हा निघेल," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुम्ही सोमवारपासून प्रमुखांच्या खोलीत बसा. खुर्चीवरचं ते प्लॅस्टिक काढून टाका."

एवढं बोलून त्या वळल्या. व्हरांड्यातून माणसांची ये-जा सुरू झाली होती, खिडक्यांतून ऊन भरभरून येत होतं. अध्यक्षबाई दोन पावलं चालल्या, थांबल्या, व्हरांडा ओलांडून पलीकडे गेल्या आणि डावा खांदा भिंतीला जवळजवळ घासत, समोरून येणाऱ्यांचे नमस्कार उजव्या बाजूने घेत, जिन्यापर्यंत निघून गेल्या.